आडव्या काड्या

माझी भाची प्रियदर्शनी हिला पुण्याला जाऊन दीर्घिकांमधून निघणाऱ्या झोतांचा अभ्यास करायचा होता. अर्जावर वडिलांची सही हवी होती, आणि अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडायला हवा होता. वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळासो. शहाण्णव सालचा विश्वचषक चालू होता आणि तो टीव्हीसमोरून हलत नव्हता.

“लांबच्या दीर्घिकांच्या पोटातून झोत सुटतात, पप्पा,” ती म्हणाली. “त्यांच्या रेडिओ लहरी आडव्या डोलतात, का उभ्या, का तिरक्या, ते मोजायचं. त्यावरनं तिथली चुंबकशक्ती कशी पसरलीय ते कळतं.”

“लहरीला कसलं आलंय आडवंउभं? तुला कुणीतरी खुळ्यात काढलंय. सही न्हाय.”

मी शिडी लावून कौलांवर चढले. वारं सुटलं की अँटेना मीच सरळ करायची. त्याच्या काड्या आडव्या असायच्या. मी नट ढिला करून त्या उभ्या केल्या.

“आक्का! मुंग्या आल्या मुंग्या!” खालून बाळासोची बोंब.

“टीव्हीची लहर आडवी येती, मी काड्या उभ्या केल्यात. आता सांग, आडवंउभं असतंय का न्हाय?”

“असतंय की! फिरव आदी!”

“आदी सही.”

तेवढ्यात शेजारच्या घरात आरडाओरडा झाला.

“हंबीरराव, कोण गेलं?” बाळासोनं विचारलं.

“गेलं कुठलं? सिक्स बसला की!”

बाळासोचा धीर सुटला. पोरीला टीव्हीपाशी उभी करून तो अंगणात आला आणि अर्ज डोक्यावर धरून नाचवू लागला. “केली बघ सही!”

आक्काला काय कळतंय, असं त्याला वाटलं. गेल्या दिवाळीपर्यंत ते खरंही होतं. त्यानंतर रोज दुपारी प्रियदर्शनीनं मला बसवून पाटी गिरवून घेतली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

लांबचं मला चांगलं दिसतं. कौलांवरून वाकून मी अक्षर लावलं.

“बाळासो, सहीच्या जागी ‘बघू’ लिहिलंयस.”

त्याचा हात वरच राहिला. “तुला वाचाय येतंय?”

“दोनच अक्षरं हायती. तुझ्या नावाची तीन. ती बी येत्यात. लिही.”

त्यानं ‘बघू’ खोडलं, अर्ज भिंतीला टेकवला आणि सही केली. मी ती दोनदा वाचली. मगच काड्या आडव्या केल्या.

“आत्ती, चित्र आलं!” प्रियदर्शनी आतून ओरडली.

जाहिरात लागली होती. बाळासोनं तीही डोळे फाडून बघितली.