दोन सोळा वर्षे

वैशाखातली ती तप्तताम्रवर्णी दुपार. चंद्रपूरच्या आभाळात कोळशाची काजळी तरंगत होती, आणि न्यायालयाच्या छपरावर ऊन घणासारखे कोसळत होते.

शशिकलेच्या अंतरातही तसेच ऊन होते. तिचा मुलगा निहाल कबड्डीच्या मैदानावर मारला गेला होता. धूळभरल्या, शिट्ट्यांनी दुमदुमलेल्या सायंकाळी क्षुल्लक बाचाबाची झाली, आणि शाळेत त्याच्याच बाकावर बसणाऱ्या प्रज्योतने त्याच्या छातीत चाकू खुपसला. दोघेही सोळा वर्षांचे. तेव्हापासून ती क्रोधावर जगली. क्रोध खाल्ला, क्रोध प्याली, क्रोध उशाला घेऊन निजली.

आज शिक्षा व्हायची होती.

सरकारी वकिलांचा स्वर घनगंभीर होता. निहाल किती कोवळा, किती निष्पाप बालक होता, हे त्यांनी सांगितले. तिचे डोळे पाझरले. मग त्याच स्वरात ते म्हणाले, प्रज्योत मात्र परिणाम जाणणारा, प्रौढ बुद्धीचा, पुरता पुरुष.

आणि तो पुरता पुरुष, मिसरूडही न फुटलेला, कोपऱ्यात उभा राहून बाहीला नाक पुसत होता.

दहा वर्षांची शिक्षा झाली. आधी सुधारगृह, मग मोठ्यांचा तुरुंग. वकील वळून म्हणाले, "ताई, तुमच्या लेकराला न्याय मिळाला."

तेव्हा तिच्यातला वणवा दिशा बदलून उठला.

"साहेब, मायं लेकरू सोळाचं होतं न् लेकरूच होतं. मंग हा कवा मोठा झाला?"

गुन्हा भयंकर असला की सोळा वर्षांच्या मुलालाही प्रौढ धरता येते, कायदाच तसा आहे, असे त्यांनी हलक्या आवाजात समजावले.

"भयंकरच होता. मी त्याले माफ नाही करत. पन माया लेकराचं नाव घेऊन दुसऱ्याचं लेकरू मोठं करू नोका."

वकिलांनी घड्याळ पाहिले. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर कलते, करपवते ऊन. प्रज्योतला गाडीत चढवले. जाळीआड त्याची फिकट बोटे. त्याची आई रेखा चार पावले धावली आणि धुरळ्यात कोसळली. लोक वळसा घालून जात राहिले.

शशिकला तिच्यापाशी आली. हात दिला नाही. क्रोध निवला नव्हता. रक्तारक्तात तो अजून रसरसत होता. ती नुसती सूर्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि तिची कृश, काळी, कठोर सावली त्या दुसऱ्या आईच्या मस्तकावर पडून राहिली.