पट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचलं नाही, की कुणाला हरवलेली चप्पल सापडली नाही. मी वाटाण्याएवढा आहे, लाल आहे, आणि माझ्या तोंडावर तेलाच्या झारीचं चित्र आहे. ट्रकच्या स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याखाली माझी जागा होती. मी लागलो की समजायचं, इंजिनाच्या पोटात तेल नीट पोहोचत नाही. म्हणजे मी जितका कमी दिसेन तितकं सगळ्यांना बरं. असला उफराटा धंदा तुम्ही कुठे पाहिलाय का?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला एकदाच पेटवून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात टाकलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. पुढे मला एका ट्रकमध्ये बसवलं आणि तो ट्रक आमच्या सावकाशरावांकडे आला.

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षांत त्यांनी कुणाला घाईने ओलांडलं नाही, म्हणून रस्त्यावरच्या लोकांनी ते ठेवलं. मागून भोंगे वाजवणाऱ्याला ते म्हणायचे, "जा बाबा पुढे, तुझ्यावाचून तिथे सगळं अडलंय." शेजारच्या सीटवर त्यांची बायको असायची. तिला सगळे वहिनी म्हणत, मीही तेच म्हणतो. मुलगी लग्न होऊन दूर गेली तेव्हा वहिनींनी घराला कुलूप लावलं आणि केबिनमध्येच संसार मांडला. मालाचे कागद त्यांच्याकडे, दोरांच्या गाठी त्यांच्याकडे, आणि नवऱ्याला डुलकी लागतेय असं वाटलं की मुद्दाम भांडण उकरून काढणंही त्यांच्याकडेच. दोघांचं पोट आणि दोघांचा जीव त्या एका इंजिनावर होता, आणि त्या इंजिनाचा पहारेकरी मी. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू!

रोज सकाळी चावी फिरली की मी लागायचो. इंजिन सुरू व्हायचं, तेल वर चढायचं, आणि सावकाशराव मोठ्याने मोजायचे, "एक, दोन." दोनला मी विझलेला असायचो. मग ते म्हणायचे, "झोप आता." माझ्या शेजारी तेलाचा दाब दाखवणारा एक काटा होता, पण तो केव्हाच मधोमध अडकून बसला होता. दुरुस्त करू, करू म्हणता तो राहूनच गेला. त्यामुळे इंजिनाच्या वतीने बोलणारा मी एकटाच उरलो होतो.

आता फिल्टरचं सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं. इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या डब्यासारखा फिल्टर असतो. आत घड्या घातलेला कागद असतो. तेल त्यातून गाळून जातं आणि कचरा मागे राहतो. आत रबराची एक चकतीही असते. गाडी उभी असताना तेल खाली उतरू नये म्हणून ती वाट अडवून धरते. बाहेरून बघाल तर सगळे फिल्टर भाऊभाऊ दिसतात.

आमचे मिस्त्री मात्र फिल्टरला बाहेरून बघणाऱ्यांतले नव्हते. काढलेला जुना फिल्टर ते कधीच फेकत नसत. करवतीने कापायचे, आतला कागद उलगडून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि त्यावरून लोहचुंबक फिरवायचे. "बघू, आजचा पेपर काय म्हणतो." चुंबकाला काही चिकटलं नाही की म्हणायचे, "काही बातमी नाही. जा बिनघोर." मग सावकाशराव खुशीत चावी फिरवायचे.

एकदा असेच फिल्टर बदलायला गेलो, तर कंपनीचा फिल्टर संपलेला. वहिनींचा धाकटा भाऊ त्या दिवशी बरोबर होता. आईमागे वहिनींनीच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि त्याने नुकतंच सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. पोरगा वाईट नव्हता हो. फक्त जे विकतो ते चांगलंच असणार, अशी त्याची ठाम समजूत होती.

मिस्त्री म्हणाले, "कंपनीचा यायला आठ दिवस लागतील. तोवर हा बाहेरचा बसवतो. बाहेरचा म्हणजे वाईट असं काही नसतं, वहिनी. ह्या बनावटीचे बारा-पंधरा कापून वाचलेत मी. कागद दाट आहे, रबर मऊ आहे."

"मग माझा का नको?" भावाने पिशवीतून चकचकीत खोकं काढलं. "आटे तेच, उंची तीच. बसतो झक्कास! माझ्याकडून भेट समजा, दाजी."

मिस्त्रींनी फिल्टर हातात फिरवला. आतल्या रबरावर नख दाबून पाहिलं. "आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नाही रे बाबा. हे रबर नवं असतानाच कडक लागतंय. आणि ह्याचा पेपर मी अजून वाचलेला नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या भावाचंच सामान तेवढं खोटं?"

सावकाशरावांनी मिस्त्रींकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. उघड्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. नाही म्हणा, मी मनात म्हणत होतो, एकदाच नाही म्हणा. पण ते म्हणाले, "घरचाच माणूस आहे. बसवा."

"बसवतो," मिस्त्री म्हणाले, "पण महिन्याने आणा. कापून बघू."

ते महिन्याने जाणं झालंच नाही. घरचं दुकान असताना दुसरीकडे कशाला, म्हणून भावाने दुकानासमोर गाडी उभी करून स्वतःच फिल्टर बदलला. पुन्हा तसाच बसवला आणि जुना न कापता कचऱ्यात टाकला. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते कुणी वाचलंच नाही.

मला मात्र कळत होतं. माझी तार थेट इंजिनापर्यंत जाते. गाडी उभी राहिली की त्या कडक रबराच्या कडेने तेल गुपचूप खाली उतरून जायचं, आणि सकाळी इंजिन कोरडंच फिरायला लागायचं. लोखंडावर लोखंड घासल्याची ती खरखर ऐकून माझ्या काचेला कापरं भरायचं. सावकाशराव मोजायचे, "एक, दोन, तीन." पंधरा दिवसांनी चार. मग पाच. "झोप आता" म्हणायचं ते विसरूनच गेले.

सहा झाले तेव्हा त्यांनी गाडी मेहुण्याच्या दुकानाकडे वळवली. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "दाजी, दिवा म्हातारा झालाय. नाहीतर सेन्सर गेला असेल. नवा मागवतो. तोवर उगाच डोकं खाईल तुमचं." असं म्हणून त्याने काळी चिकटपट्टी कापली आणि माझ्या तोंडावर लावली.

म्हातारा! मला! संताप संताप झाला माझा. सेन्सर ठणठणीत होता, मी ठणठणीत होतो. त्या अंधारात मी रोज सकाळी लागत होतो, सात मोजत होतो, आठ मोजत होतो. बाहेर त्या दोघांचं चहा कुठे घ्यायचा यावर भांडण चाललेलं असायचं.

एके सकाळी उन्हाने पट्टीची कड जराशी सुटली. मी लागलो तशी त्या फटीतून लाल रेघ बाहेर पडली. सावकाशराव आरशात बघून गाडी मागे घेत होते. वहिनींनी मात्र पाहिलं. मी नऊपर्यंत पेटलेला होतो आणि त्या नऊपर्यंत बघत होत्या. मग त्यांचा हात पुढे आला. सुटलो, मला वाटलं! पण त्यांनी अंगठ्याने ती कड घट्ट दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशीही दाबली. तिसऱ्या दिवशीही. दिवसा भावाला फोन करायच्या, "सेन्सर आला का रे?" तो म्हणायचा, "ह्या आठवड्यात नक्की, ताई." फोन ठेवला की त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. बाई, नवरा शेजारीच बसलाय, त्याला एक शब्द सांग, असं मला ओरडावंसं वाटायचं. पण दिव्याला कसलं तोंड आलंय!

मग तो दिवस आला. मागे फरशा भरलेल्या होत्या, चांगल्या जड. दुपारी घाट चढून आम्ही माथ्यावर आलो आणि उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर मी लागलो. मित्रांनो, गाडी पळत असताना मी आयुष्यात कधी लागलो नव्हतो. मी पेटलो आणि विझेचना.

चौथं वळण गेलं. पाचवं गेलं. इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली.

"हे काय वाजतंय?" वहिनींनी विचारलं.

"फरशा हलत असतील."

"फरशा मी बांधल्यात. त्या हलत नाहीत." त्यांचा आवाज एकदम पडला. त्यांनी हात लांब करून माझ्या तोंडावरची पट्टी ओढून काढली. "अहो, हा लागलाय."

"केव्हापासून?"

वहिनींनी पट्टी मुठीत चुरगळली. तेवढ्यात मोठा हिसका बसला आणि इंजिन आवळून जागच्या जागी बंद पडलं. सावकाशरावांनी क्लच दाबला. चाकं तशीच खाली धावत होती, आणि आत एवढी शांतता झाली की मागे दोर करकरताना ऐकू येत होते. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकच्या टाकीत उरलेली हवा, तेवढाच आधार. "धरून बस," एवढंच ते म्हणाले. दोनदा ब्रेक लावला, उरलेली हवा जपून ठेवली, आणि मग दोन्ही हातांनी, खांद्याने, सगळ्या अंगाने ते चाक डोंगराच्या बाजूला फिरवलं. गाडी चरात गेली. फरशांचा चुराडा झाला. चरात आदळताना स्टिअरिंग उलटं फिरलं आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. जीव वाचले, दोघांचेही. पण त्या खांद्याने पुन्हा ट्रक चालवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

चार दिवसांनी ओढून आणलेला ट्रक मिस्त्रींकडे उभा होता. मिस्त्रींनी फिल्टर कापला. आतला कागद उलगडायला गेले, तर तो लगदा होऊन हातातच तुटला. तुटलेले तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन अडकले होते. त्यांनी चुंबक फिरवला. चुंबक चमचमत्या कणांनी माखून निघाला. त्यांनी तो वहिनींच्या भावापुढे धरला.

पोरगा बहिणीकडे वळला. "ताई, शप्पथ, मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "रोज बघत होते मी. नऊ-नऊपर्यंत लागायचा. मी पट्टी दाबून बसवत होते. तुझं दुकान नवं, तुझं नाव जाईल, म्हणून..."

सावकाशराव हात गळ्यात बांधून स्टुलावर बसले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर गुपचूप फिल्टर बदलला असता गं. तुझ्या भावाला कळूसुद्धा दिलं नसतं."

वहिनी तेव्हा रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघण्याखेरीज मला काही करता आलं नाही.

ट्रक भंगारात गेला. मिस्त्रींनी मला तेवढं काढून ठेवलं आहे. मित्रांनो, उद्या तुमच्या हातात गाडी येईल. फिल्टर कंपनीचा घ्या नाहीतर बाहेरचा घ्या, पण ज्याने तो कापून, आत डोकावून पाहिलाय त्याला विचारून घ्या. आणि माझ्यासारखा एखादा लाल दिवा लागला, तर तो घरच्या कुणाचं नाव घेऊन लागलाय ते बघत बसू नका. चूक दिव्याची निघाली तर खुशाल त्याला उपटून फेकून द्या. तो हूं की चूं करणार नाही. पण आधी गाडी थांबवा.