अंधाऱ्या खोलीतला फोन

संस्थेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणायचे. डोळ्यांतून मेंदूतल्या घड्याळाकडे जाणारी उजेडाची वाट उंदरांची पिल्लं वयात येताना कशी बदलते, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं चालली होती. आणि घरी? घरी सोळा वर्षांची लेक सकाळी हलवून हलवूनही उठेना. हा आळस नव्हे, या वयात आतलं घड्याळच मागे पडतं, झोपच उशिरा येते, हे सांगून ती थकली. शेजारच्या काकूंना सांगणं म्हणजे तर पालथ्या घड्यावर पाणी!

"उंदरांपायी भल्या सकाळी पळतेस," काकू म्हणायच्या, "पोरीला कोण उठवणार?"

आज वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर. फाटक एकदा बंद झालं की उघडणार नाही, पेपर बुडाला की वर्ष बुडालं, असं शाळेनं बजावलं होतं. नवरा बाहेरगावी. तिनं लेकीला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं, पलंगावर उठवून बसवलं आणि मगच निघाली. अंधारात वाढवलेल्या पिल्लांचं आज शेवटचं माप घ्यायचं होतं, ते टळण्यासारखं नव्हतं. बसवलेलं माणूस पुन्हा आडवं होतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण जीव एक आणि ओढ दोन्हीकडे.

त्या खोलीत फक्त लाल टॉर्च चालायचा, कारण उंदरांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. फोन बाहेर ठेवायचा, हा नियम तिचाच. आज मात्र तो तिच्या खिशात होता. थरथरला, आणि काही सुचायच्या आत तिनं तो बाहेर काढला. पांढरा उजेड सगळ्या पिंजऱ्यांवर पडला. कित्येक महिन्यांची मेहनत मातीत गेली.

"आई, फाटक बंद झालं गं. वॉचमनकाकांशी बोल ना!"

"अहो दादा, तिच्या मेंदूतलं घड्याळ या वयात..." ती बोलायला लागली आणि मध्येच तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"बाई, नियम म्हणजे नियम. रात्री लवकर झोपवत जा पोरीला," वॉचमन म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं फोन परत दिला.

"आई, आता काय करू?"

जगभरच्या सभांमध्ये तासन्‌तास बोललेली बाई ती. आता मात्र तिला रडू आलं.

"घरी जा, बाळा. झोप जरा."

"आता झोपच येत नाहीये, आई."