तेरा वर्षांची महजूबा

जातं कधीच थांबलं होतं, पण त्या जात्यावरचा आवाज हनियाच्या कानातून गेला नव्हता. नवरी होऊन ती या घरात आली त्या पहिल्या पहाटे भिंतीपलीकडून सासू गात होती,

जा गं पाखरा खुशाल, वाऱ्याची कर वाट
तुझ्या पायाचा दोरा, माझ्या बोटाला गाठ

सोळा वर्षांच्या हनियाला वाटलं, असा गळा असलेल्या बाईच्या हाताखाली दिवस बरे जातील. पुढं कळलं की गळा जात्यापुरताच गोड होता. सासूला सगळे मानानं लल्ला म्हणत, पण लल्ला महजूबा बोलायला लागली की कुंपणाचं निवडुंग परवडलं. आणि तिचा एकुलता मुलगा विहीर उपसताना गेला, त्या दिवसापासून तर तिनं जात्याला हात लावला नाही, गाणं म्हटलं नाही आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याला तेरा वर्षं झाली. घरात उरल्या दोघी विधवा, एक बकरी आणि पावसाळी वाऱ्यात रात्रभर बडबडणारं पत्र्याचं छप्पर.

दर हिवाळ्यात समुद्रापलीकडच्या, स्पेनच्या स्ट्रॉबेरी मळ्यांसाठी बायका निवडायला तालुक्याच्या गावी कमिटी बसायची. तीन महिने खुडणी करायची आणि बोटीनं परत यायचं. हात राठ हवेत, ते तर गावात कुणाचेही होते. खरी अट दुसरीच होती. जिच्या घरी चौदाच्या आतलं मूल, तिलाच घ्यायचं. मूल मागं राहिलं की आई मागं वळते, असा त्यांचा अंदाज.

ज्यांना मूल नव्हतं त्या, विरजण मागून आणावं तसं, शेजारणीचं मूल मागून आणायच्या. शेजारच्या तामूची शैमा गेल्या साली एकाच सकाळी तीन फ्रॉक बदलून तीन आयांची लेक झाली. चौथ्यांदा कारकुनानं विचारलं, "तू कुणाची गं?" तेव्हा ती दमून म्हणाली, "ते अजून ठरलं नाही."

तेव्हापासून कमिटी शहाणी झाली. मूल घराच्या हिरव्या वहीत नोंदलेलं हवं, शाळेचा दाखला हवा आणि शेवटी रडण्याची परीक्षा. आईनं उठून फाटकाबाहेर जायचं, कारकुनानं शंभर मोजायचे आणि शंभराच्या आत मूल रडायला हवं. गावात मयताच्या घरी रडायला जाणारी एक म्हातारी होती, तिनं पोरांची शिकवणीच काढली.

हनिया हिरवी वही घेऊन मुक्कद्दमाकडं गेली. गावाचे सगळे दाखले याच माणसाच्या हातून जात. नाव बुसल्हाम, मानानं सी बुसल्हाम.

"एखादी भाची नावावर चढवता येते का बघा," हनिया म्हणाली.

त्यानं वही उघडली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भाची कशाला? तुझ्या नावावर मुलगी आहेच की. महजूबा. जन्म तेरा वर्षांपूर्वीचा, मार्च महिना."

"सी बुसल्हाम, ती माझी सासू आहे."

"ती घरात. इथं मुलगी आहे."

घोळ उलगडायला वेळ लागला नाही. जुन्या बायकांच्या जन्माच्या नोंदी कुणी केल्याच नव्हत्या. मुलगा गेल्यावर वारसाच्या कागदासाठी लल्ला महजूबा आयुष्यात पहिल्यांदा नोंदणीच्या कचेरीत गेली होती, एकटीच. कारकुनानं नोंदीची तारीख जन्माच्या रकान्यात टाकली असणार आणि म्हातारीला सुनेच्या पोटी घातलं असणार. हनियाला वाचता येत नव्हतं. तेरा वर्षं ती वही पिठाच्या डब्यामागं पडून होती.

"मग दुरुस्त करा."

"दुरुस्तीला कोर्ट. तिचा जन्म डोळ्यांनी पाहिलेले तीन साक्षीदार लागतील. ते सगळे टेकडीवर, कबरीत." त्यानं वही मिटून तिच्या हातात दिली. "दुरुस्तीला चार वर्षं लागतील, वापरायला एक सकाळ. पण घाई कर. येत्या मार्चमध्ये पोरगी चौदाची होते आहे."

हनिया वाटेनं चालत आली ती छातीशी वही धरून. एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, तामूलासुद्धा नाही. ती परत येणार नव्हती. लोकरीच्या जेलाब्याच्या, त्या पायघोळ अंगरख्याच्या, दुमडीत तिनं आपल्या दोन चांदीच्या बांगड्या शिवून ठेवल्या होत्या आणि सोबत एका बाईचा फोन नंबर. ती बाई तिकडंच राहून गेली होती, म्हाताऱ्यांची सेवा करून पोट भरत होती. मे महिन्यात बोट निघेल तेव्हा हनिया बोटीवर नसणार होती. म्हातारीचं काय, तर खुडणीहून परतलेली तामू रोज वाटीभर सूप आणून देईल. त्याच्यापुढं हनिया विचार करत नसे. तिथं मन पाय टेकायलाच तयार नव्हतं.

सासूला तिनं वहीतली गोष्ट सांगितली तेव्हा लल्ला महजूबा मटार सोलत होती.

"तेरा वर्षांची," ती म्हणाली. "मग माझं लग्न कुणाशी ठरवलंयस ते तरी सांग."

"लल्ला, एका सकाळचं काम आहे. यायचं, बसायचं, रडायचं."

"बसेन. रडायचं बघू." आणि एवढं बोलून ती पुन्हा मटार सोलायला लागली. इतक्या सहज ती आजवर कशालाच हो म्हणाली नव्हती. हनियाला त्या ‘हो’ची भीती वाटली.

शाळेच्या मास्तरांनी हजेरीशिवाय दाखला द्यायला नकार दिला. तत्त्वाचा माणूस. मग लल्ला महजूबा सहा दिवस शाळेत गेली. पाठीला शैमाचं जुनं दप्तर, आत लोकरीचा गुंडा. मागच्या बाकावर गुडघे मावेनात म्हणून ती खिडकीत उन्हाला बसे. चौथ्या दिवशी मास्तर पेरणीचे महिने शिकवत होते. तिनं सुया चालवता चालवताच सांगितलं, "या महिन्यात वाल पेरशील तर उंदीर खातील. तुझ्या आज्यानंही असाच एकदा पेरला होता." पोरं हसली, तिनं सुई उगारली, पोरं गप्प झाली. दाखल्यावर मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘गती बरी, वर्तणूक उद्धट.’

परीक्षेच्या दिवशी सभागृहाच्या अंगणात चाळीसेक बायका आणि तेवढीच पोरं. एकामागून एक आया फाटकाबाहेर जात होत्या आणि एकामागून एक पोरं हंबरडा फोडत होती. शैमा इतकी सुंदर रडली की तामू फाटकातून परत आली तरी थांबेना. शेवटी बिस्कीट द्यावं लागलं.

हनियाचं नाव आलं. कारकून शहरातला, किडकिडीत, कोटाच्या बाहीचं एक बटण दोऱ्यावर लोंबणारं. त्यानं कागद पाहिला, लल्ला महजूबाचा चेहरा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"वय?"

"वाच की. शाळा शिकलायस ना?"

"कागदावर तेरा आहे."

"मग तेरा."

त्यानं अर्ज उलटापालटा केला. नावाचा रकाना होता, गावाचा होता, लशींचा होता. चेहऱ्याचा नव्हता. त्यानं उसासा टाकला आणि हनियाला म्हणाला, "जा फाटकाबाहेर."

हनिया गेली. फाटकाच्या गजाला धरून पाठमोरी उभी राहिली. आत कारकून मोजत होता. दहा. तीस. साठ. काही ऐकू येईना. ऐकू आलं ते एवढंच, "बटण पडेल तुझं. इकडं कर हात, दोरा आहे माझ्याकडं. बायको नाही का घरात?"

शंभर झाले.

"रडली नाही," कारकून बटणावर हात ठेवत म्हणाला. "ओढ दिसत नाही. पुढची बोलवा."

हनिया धावत आत आली. "लल्ला, एकदा तरी रडा. मुलगा गेला तेव्हा नाही रडलात. आता माझ्यासाठी एकदा."

म्हातारीनं दाताखाली दोरा तोडला. मग ती कारकुनाकडं वळली.

"बाळा, ही एवढी पोरं सकाळपासून का रडताहेत? आई परतायची नाही असं वाटतं म्हणून रडतात. मला कशाला रडू येईल? माझी येणार आहे."

कारकुनानं पेन तोंडात धरलं. त्यानं अंगणात नजर फिरवली. परीक्षा झालेली पोरं अजून हुंदके देत बसली होती, एकेकाच्या गालावर आईबद्दलचा अविश्वास ओघळत होता. आणि या सगळ्या आयांना त्यानं सकाळपासून पास केलं होतं. तो विचार पुढं जाऊ नये म्हणून त्यानं घाईघाईनं शिक्का उचलला आणि हनियाच्या कागदावर मारला. "मंजूर," तो म्हणाला. "हिची खात्रीची आहे. बाकीच्यांचं नंतर बघू."

रस्त्याकडेच्या निलगिरीखाली दोघी टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिल्या. हनियाच्या हातात शिक्क्याचा कागद होता, आणि हवा होता तोच कागद विहिरीतून ओढलेल्या भरल्या बादलीसारखा जड लागत होता.

"जेलाब्याच्या दुमडीची शिवण कच्ची होती तुझी," लल्ला महजूबा रस्त्याकडं बघत म्हणाली. "चालताना बांगड्या वाजायच्या. मी काल दुहेरी दोऱ्यानं पक्की केली."

निलगिरीची पानं सळसळली. हनियानं खोडाला हात टेकला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तो नंबरही नीट घडी करून ठेवलाय. घामानं शाई पसरते."

"मग आत खोटं का बोललात?"

"तेरा वर्षांची आहे मी. या वयात पोरं काहीही बोलतात."

टॅक्सी आली, आधीच सहा माणसांनी भरलेली. ड्रायव्हरनं मान हलवली, टॅक्सी पुढं गेली. धूळ खाली बसली. मग म्हातारीनं दप्तर पाठीवरून काढून पायाशी ठेवलं.

"त्या नोंदीवाल्या कारकुनाची चूक नव्हती गं."

हनियानं वर पाहिलं.

"माझा पोरगा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ तुला न्यायला आला होता. गाढवावर सामानसुद्धा चढवलं होतं त्यानं. तू ते उतरवलंस आणि चूल पेटवायला बसलीस, माझ्याशी एक अक्षर न बोलता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. तो म्हणाला, म्हातारे, तू कुणाची? बापाचं नाव मला आठवत होतं. नवऱ्याचंही आठवत होतं." तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "पण तोंडातून निघालं, हनियाची. तो म्हणाला, नीट सांग. मी पुन्हा तेच सांगितलं. हनियाची."