फिटचा कागद

ट्रकने स्कूटीला उडवलं तेव्हा अर्पिता पंधरा वर्षांची होती. पाय मोडला, डोक्याला मार लागला आणि महिन्याभरात फिट यायला लागल्या. नुकसानभरपाईचा दावा लावताना तिच्या वडिलांनी, बद्रीनाथ आबांनी, पायाचे झाडून सगळे कागद कोर्टात दिले आणि फिटचा तेवढा दडवून ठेवला. पोरीच्या फिट जगजाहीर झाल्या तर स्थळ कोण आणणार? कोर्टाने मोडक्या पायापुरती भरपाई दिली. जन्मभराच्या गोळ्यांचा विषयच निघाला नाही.

आता ती बावीस वर्षांची होती. हायकोर्टात अपील चालू होतं आणि वकील वंदनाताईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. हाताशी असून तेव्हा का दिला नाही, हेच आधी विचारतील. तू अल्पवयीन होतीस. ज्यांनी दडवला त्यांनी शपथेवर लिहून कबूल केलं, तर थोडी आशा आहे. सोमवारी सुनावणी आहे."

आबा सहीला तयार नव्हते. "रविवारी टेंभुर्णीचे पाहुणे येऊन राह्यले. लगीन होऊ दे, मंग कर काय करायचं ते."

"अन् सासरी फिट आली तर?"

"गोळ्या गुपचूप घ्यायच्या. बायका काय काय लपवतात!"

तिला बापाची किळस आली. सात वर्षं तिच्या तोंडाचा फेस यानेच पुसला होता, म्हणून जास्तच आली.

रविवारी अर्पिताच्या मस्तगडच्या घरात पाहुणे ऐसपैस बसले. मुलाचे वडील राधेश्याम यांनी बैल बघायला आल्यासारखं तिला न्याहाळलं. "पोरीला काही दुखणं-बिखणं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई," आबा म्हणाले.

अर्पिताने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि दवाखान्याचा कागद राधेश्यामांच्या हातात दिला. "सात वर्षं झाली, फिट येतात मला. वाचा."

चहाला कुणी हात लावला नाही. राधेश्याम चपला घालता घालता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "फसवायला निघाल्ते आम्हाला!"

आबांनी दार लावून घेतलं. "नाक कापलंस माझं. आजपासून तुझं तोंड पाहणार न्हाई मी."

"नका पाहू," अर्पिता म्हणाली. "लपवायला आता काय राह्यलं? आधी सही करायला चला."