पाहुणचाराचे नऊ गुण

माझ्या काचेवरून बोट फिरवले तर तुमचे बोट काळे होईल. नागपूरजवळ कळमेश्वरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत, मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मित्रांनो, मला कोणी मुद्दाम तसे ठेवलेले नाही, जागाच तेवढी आहे. पण मला ते बरे वाटते. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे आणि मला लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. माझे डोके, म्हणजे तारा आणि ठिपक्यांनी भरलेली एक हिरवी पाटी, समुद्रापलीकडून आली. तिकडच्या मुलांचे मन माझ्यावरून उडाले तेव्हा तिला जुन्या मालात काढले होते. शरीर मात्र अस्सल नागपुरी. इतवारीतल्या सुताराने प्लायवूडची पेटी ठोकली, तिच्यात जुना टीव्ही बसवला, पुढे एक दांडा आणि लाल बटणे लावली. बाजूवर होडी रंगवायला पेंटर बोलावला. त्या बिचाऱ्याने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून त्याने होडीखाली तळे काढले आणि तळ्यात कमळे सोडली. खेळ साधाच होता. नदीतून होडी न्यायची, खडक चुकवायचे, पोहणाऱ्या बदकांना धक्का लागू द्यायचा नाही, आणि शेवटचा धबधबा पार करायचा.

१९८६ साली नागपुरातच, बर्डीच्या बाजारात, रुपरावांनी आपले सायकलींचे दुकान मोडून व्हिडिओ पार्लर काढले आणि मला तिथे आणले. दुकान दोघांचे होते. रुपराव मालक, आणि गल्ल्यावर बहुतेक वेळ त्यांची बायको सिंधूताई. दिवे लागायच्या आत मुलांची अशी गर्दी व्हायची की दारातला पंखा नुसता आवाज करायचा, वारा कोणाच्याच वाट्याला यायचा नाही.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. माझ्या मागच्या फळीआड एक लहान बटण होते. ते वर केले की खडक सावकाश यायचे, होड्या भरपूर मिळायच्या आणि खेळणारा चुकला तरी नदी त्याला सांभाळून घ्यायची. खाली केले की पहिल्याच वळणावर खडक अंगावर यायचे. रुपराव ते कायम खाली ठेवायचे, कारण खेळ लवकर संपला की मूल पैसे देऊन दुसरे टोकन घेते. मुलांना या बटणाचा पत्ता नव्हता. होडी फुटली की मी एक बेसूर गाणे वाजवायचो आणि मूल तोंड पाडून बाजूला व्हायचे.

त्या काळी शहरातल्या एका साप्ताहिकात 'खेळांची पारख' नावाचे सदर यायचे. ते लिहिणारे मनोहरराव मेश्राम एका कचेरीत कारकून होते. कबड्डीचे संघ असोत, कॅरमची स्पर्धा असो, ते पाहायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या मोहल्ल्यात छापील कागदावर नाव आलेले ते पहिलेच. त्यांचे वडील रामाजी गिरणीत राबलेले, त्यांना वाचता येत नव्हते. ते नातीला समोर बसवून सदर वाचून घ्यायचे आणि शेवटी खाली छापलेले मुलाचे नाव पुन्हा एकदा वाचायला लावायचे. ही नात म्हणजे प्रेमिला, आठवीतली. हे सगळे तिनेच पार्लरमध्ये मैत्रिणींना मोठ्या अभिमानाने सांगितले होते, म्हणून मला ठाऊक.

व्हिडिओ गेमची पारख करायला मनोहरराव येणार असे कळले, तेव्हा रुपरावांची धांदल उडाली. सकाळी दुकान इतरांसाठी बंद ठेवले. घरची गादीची खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली. समोरच्या टपरीवरून झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे मागवले. आणि पाहुणे यायच्या आधी रुपरावांनी माझ्या मागे जाऊन बटण वर केले.

सिंधूताईंनी विचारले, "हे काहून करून राहिले?"

"पाहुणा आपल्या दारी येऊन हरून जाईन काय? बरं दिसते काय ते?" रुपराव म्हणाले.

मित्रांनो, या माणसाला लबाड म्हणायला माझी जीभ वळत नाही. जावई कॅरमला बसला की सासुरवाडीची मंडळी राणी हळूच त्याच्या बाजूला येऊ देतात ना, त्यातलाच हा प्रकार. आलेल्याला जिंकून परत पाठवायचे, ही त्यांच्या घरची रीतच होती. फक्त हा पाहुणा गुण द्यायला आला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मनोहरराव आले ते कपाळाला आठ्या घालूनच. हे विजेचे खेळ म्हणजे पोरांना बिघडवायचे धंदे, असे त्यांचे मत होते. पण हातात दांडा आला, होडी खडकाला चाटून निघून गेली, आणि त्यांच्या आठ्या विरल्या. धबधबा पार झाला तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर चक्क थाप मारली. पोहे तसेच निवून गेले होते.

पुढच्या अंकात त्यांनी लिहिले, 'या खेळात दया आहे. चुकलेल्याला तो पुन्हा उभे करतो.' आणि मला नऊ गुण दिले. कोपऱ्यात एक मोटारीचा खेळ होता, रंग उडालेला, चाक सैल झालेला, त्याला चार. रुपरावांनी हे सदर गिऱ्हाइकांना इतक्यांदा वाचून दाखवले की मला ते पाठ झाले. पण खरे सांगू? त्या सकाळी मनोहरराव रस्ता ओलांडून पलीकडे पोचलेही नव्हते, तोच रुपरावांनी बटण पुन्हा खाली केले होते. दया आहे म्हणे! माझी फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

रुपरावांनी दारात एक फळा लावला. वरच्या भागात ऑइलपेंटने लिहून घेतले, 'पारख्यांचे गुण', आणि माझ्या नावापुढे ठळक नऊ. खाली 'तुमचे गुण' असे लिहून जागा सोडली आणि खडू ठेवला. त्यांना वाटले, वरचा नऊ पाहून पोरे खाली दहा लिहितील. पोरांनी मला एक दिला, दोन दिले, शून्य दिला. गोविंदा नावाच्या उंच मुलाने उणे पाच दिले आणि हिशेब बरोबर यावा म्हणून उण्याची रेघ चांगली लांब काढली. त्या सैल चाकाच्या मोटारीला मात्र कोणीच आठाच्या खाली यायला तयार नव्हते. रुपराव सकाळी फळा पुसायचे, संध्याकाळपर्यंत पोरे तेच पुन्हा लिहून ठेवायची.

वरचा नऊ आणि खालचा दोन यांच्यासमोर मी दिवसभर उभा असायचो. एखाद्या माणसाच्या गळ्यात कोणी चुकून दुसऱ्याचा हार घालावा आणि ते सगळ्या मांडवाला दिसत असावे, तसे मला व्हायचे.

फळ्याची गोष्ट मनोहररावांच्या कानावर गेली आणि ते चिडले. त्यांनी पुन्हा सदर लिहिले. 'आजच्या मुलांना मेहनत नको, नुसते जिंकणे हवे. हात चालत नाही म्हणून तोंड चालवतात. त्यांच्या गुणांना काय किंमत द्यायची?' हे वाचताना रुपरावांचा आवाज जरा खाली गेला. सिंधूताई टोकने मोजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोरांनी प्रेमिलाला दारातच गाठले.

"तुह्या बाबानं आमाले आळशी लिहिलं," गोविंदा म्हणाला.

"मंग? त्यायनं धबधबा पार केला. तुमाले नाही जमत त्याले ते काय करतीन?"

"आमच्या समोर पार करू दे. आणतं काय त्यायले?"

"आणीन ना. रविवारी आणीन," प्रेमिला म्हणाली. तिची मान ताठ होती. बापाच्या हातावर तिचा इतका विश्वास होता की माझ्या काचेला घाम फुटला.

रविवारी रुपराव सावनेरला लग्नाला गेले होते. मनोहरराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशाला पेन लावून आले. शेजारी प्रेमिला. पोरांनी वाट दिली. त्यांनी सगळ्यांकडे पाहून मास्तरासारखे हसून घेतले, सिंधूताईंनी पुढे केलेल्या त्याच गादीच्या खुर्चीत बसले आणि टोकन टाकले.

मला ओरडून सांगता आले असते तर मी सांगितले असते. पण मला फक्त एक बेसूर गाणे येत होते, आणि ते मला लगेचच वाजवावे लागले. पहिली होडी पहिल्याच वळणावर फुटली. दुसरी बदकावर गेली. तिसरी पुन्हा त्याच खडकावर. चहाला उकळी येण्याइतका वेळही गेला नव्हता. त्यांनी घाईने दुसरे टोकन टाकले. तेच झाले. तिसऱ्याचीही तीच गत झाली. कोणीही हसले नाही. गोविंदा तर आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. पोरे हसली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

तेवढ्यात सिंधूताई गल्ल्यावरून लगबगीने उठल्या. "अवो भाऊ, थांबा ना जरा. माह्याच ध्यानात नाही राहिलं. तुमच्यासाठी ते मागचं बटण वर करून देतात ना हे, मागच्या बारीले केलं होतं तसं. पाहुण्याले असं कसं खेळू द्यायचं?"

त्यांच्या बोलण्यात काडीचा खोडसाळपणा नव्हता. पाहुण्याच्या ताटात वरण वाढायचे राहिले की घरची बाई ओशाळते, तशा त्या ओशाळल्या होत्या. त्या माझ्या मागे वाकल्यासुद्धा.

"राहू द्या, ताई," मनोहरराव म्हणाले.

त्यांचा चेहरा माझ्या काचेत दिसत होता. शरमेने माणूस लाल होतो म्हणतात. ते राखेसारखे झाले होते. पोरांकडे त्यांनी पाहिले नाही. त्यांनी प्रेमिलाकडे पाहिले, आणि प्रेमिला माझ्या अंगावरची कमळे पाहत होती, जणू ती आजच उमलली होती.

बापलेक बाहेर पायरीवर जाऊन बसले. दार उघडेच होते, मला सगळे ऐकू आले. 

"तू खेळली होती काय हे?" त्यांनी विचारले.

"हो. तुमी लिहायच्या आधी."

"गुण किती देल्ले होते?"

"दोन."

"फळ्यावर तं नाही दिसत."

"पुसून टाकले."

"काहून वं?"

प्रेमिला म्हणाली, "तुमी नऊ लिहिले ना, बाबा. मले वाटलं, माह्याच हाताले समजत नाही."

ती खरेच बोलत होती. मी तिला पुसताना पाहिले होते. फळा लागला त्याच संध्याकाळी ती एकटी आली, खाली दोन लिहिले, वरच्या नवाकडे पाहिले, बाहीने आपले दोन पुसले आणि मागे वळून मला एकदा पाहून गेली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी सोसला असता. ती माझी माफी मागत होती, मित्रांनो. माझी! त्या वेळची शरम माझ्या पेटीतून अजून निघालेली नाही.

मनोहरराव उठून आत आले. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून भिंतीशी ठेवली. गल्ल्यावर जाऊन टोकन घेतले आणि रांगेच्या शेवटी, गोविंदाच्या मागे उभे राहिले.

"काका, तुमी जा पुढं," गोविंदा पुटपुटला.

"नाही गा. तुहा नंबर आहे."

दिवे लागेपर्यंत ते खेळले. हरायचे, पुन्हा टोकन घ्यायचे, पुन्हा मागे जाऊन उभे राहायचे. हळूहळू पोरांची जीभ सुटली. बदक दिसले की दांडा सोडून द्यायचा, डावीकडचा खडक खोटा असतो, हे सगळे ते विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. तिसऱ्या वळणापुढे त्यांची होडी काही गेली नाही. शेवटी त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर वरच्या भागात नव्हे, खाली पोरांच्या जागेत लिहिले, 'तीन. मनोहर.'

"एक जास्त काहून?" प्रेमिलाने विचारले.

"बाजूचं चित्र चांगलं आहे," ते म्हणाले आणि खडू तिच्या हातात दिला. "तुहे दोन लिही."

तिने लिहिले. अक्षर चांगले मोठे काढले.

पुढच्या अंकात एवढेच आले: 'मागे दिलेले नऊ गुण पाहुणचाराचे होते. ते मी परत करत आहे. मुलांना आळशी म्हटले, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.' रुपरावांनी ते एकट्यानेच, पुटपुटत वाचले. आधी ते बायकोवर चिडले, "तू काहून बोलली?" त्या म्हणाल्या, "खोटं काय बोलली मी?" रुपरावांनी रॉकेलात चिंधी बुडवून वरचा नऊ पुसला. बटण मात्र त्यांनी वर केले नाही, आणि पोरे मग माझ्याकडे फिरकली नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांनी मला विकून टाकले. तिथून फिरत फिरत मी या भिंतीपाशी आलो.

मला खेळवणारे हात दुसऱ्याचे होते, बटण दुसऱ्याने फिरवले, असे म्हणून मला सुटता आले असते. पण कितीतरी मुले माझ्यासमोर उभी राहून आपल्याच हातांना दोष देत घरी गेली, आणि मी प्रत्येकाच्या पाठीमागे तेच गाणे वाजवत राहिलो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. कशालाही गुण द्यायला जाल तेव्हा पाहुणे होऊन जाऊ नका. टोकन घ्या, रांगेत उभे राहा, आणि पुढच्या मुलाला त्याचे मत विचारा. ते तुमच्यापेक्षा वेगळे निघाले तर त्याच्या हाताला नावे ठेवू नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी पेटी कुठे धूळ खात दिसली तर तिला लाथ मारू नका, पण खोटे कौतुकही करू नका. काचेवरून एकदा फडके फिरवा, तेवढे पुष्कळ. गुणांचे म्हणाल, तर मला तीन पुरतात. ते माझे आहेत.