ओल्या तुळशी

त्या साली जालन्यात उंदीर पडू लागले आणि आठवड्यात सारी कादराबाद पेठ गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत जाऊन राहिली. प्लेग आला की तशीच रीत होती. मच्छिंद्रच्या घरून दोन गाड्या निघाल्या. एक माळावर, दुसरी धाकट्या भावाची, मंठ्याला सासरवाडीकडे. मच्छिंद्रला वाटलं, चतुराकाकू भावाच्या गाडीत बसली. भावाला वाटलं, दादाच्या. पाचव्या दिवशी मंठ्याहून माणूस आला, काकूची खुशाली विचारायला.

मच्छिंद्र ताटावरून उठला तो थेट गावाकडे. म्हातारी पाच दिवस एकटी. जिवंत तरी असेल का?

दुपारचं ऊन पडलं होतं, पण बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं. घराला त्यानंच लावलेलं कुलूप तसंच होतं. मात्र दारातली तुळस ओली होती. शेजारची ओली. पलीकडची ओली. फरशीवर पाण्याचे थेंब पडत गेले होते.

थेंबांमागं तो एका बोळात शिरला. ही बायकांची पाण्याची वाट. बाप्ये तिकडं फिरकत नसत. बोळ उतरत गेला. भिंतींवर शेवाळ, वर पिंपळ, पिंपळात पोपट. आणि खाली काळ्या दगडाची बारव, पाणी आरशासारखं. घरापासून दोनशे पावलं, अन् चाळीस वर्षांत त्यानं ती पाहिली नव्हती.

पायरीवर काकू बसली होती.

"आलास? मला वाटलं, विसरलास."

"काकू, अगं, गाडीत न्हाई बसलीस?"

"तुळशीसाठी पाणी आणाया आल्ते. वर गेले तं तुम्ही पसार!"

"मंग खाल्लंस काय?"

"लोकांच्या परसातले पेरू. रागवायला कोणी हाय का?" ती हसली. "देव नेले समद्यांनी, तुळशी ठेवल्या. त्यांना पाणी घालून राह्यले. गोजरा घागर उचलून देते."

गल्लीच्या टोकाची गोजरबाई, लहान पोरं मागं ठेवून प्लेगची पहिली गेलेली. तिच्या तिरडीला मच्छिंद्रनं खांदा दिला होता. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं. ओली पावलं दोघींची होती.

"चल, जल्दी," तो कसाबसा म्हणाला.

"अन् तुळशी?"

"मरू दे."

काकूनं बारवेकडे तोंड केलं. "गोजरे, मी जाते गं. बघशील ना?" मग त्याला हळूच म्हणाली, "समद्यांच्या दारी जाते, फक्त स्वतःच्या न्हाई. म्हणते, तिथं गेले की पाय निघायचा न्हाई."

वर येईपर्यंत मच्छिंद्रनं मागं पाहिलं नाही. मागं घागर बुडाल्याचा आवाज मात्र त्यानं ऐकला.

दीड महिन्यानं गाव परतलं. एकेक दार उघडलं, आणि प्रत्येक अंगणात तुळस हिरवीगार. बायका एकमेकींना विचारत राहिल्या, कोणी घातलं पाणी?

एकच तुळस वाळून काडी झाली होती. गोजरबाईच्या दारातली.

मच्छिंद्र तिथं थबकला. काकू मात्र सरळ आत गेली, नवी मंजिरी चुरून तिनं त्या मातीत पेरली, आणि तांब्याभर पाणी घातलं.

"आता ये खुशाल, गोजरे," ती उंबऱ्याकडे बघत म्हणाली, "तुझी पोरं आलीत घरी."